गुठळ्या खऱ्या, बाकीचा मेसेज खोटा

इटलीतल्या शवविच्छेदनाचा तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा आलाय. 2020 पासून फिरतोय, देश तेवढा बदलतो. कधी रशिया, कधी सिंगापूर. म्हणे जागतिक आरोग्य संघटनेचा कायदा मोडून मृतदेह तपासले, तेव्हा कळलं की कोविड हा विषाणू नाहीच. 5जीने बळावलेला जिवाणू आहे, तो रक्ताच्या गुठळ्या करतो. व्हेंटिलेटर नको, ऍस्पिरिन घ्या. हे वाचून आमच्या आत्याने अंगात ताप असताना कुणालाही न विचारता ऍस्पिरिन सुरू केली. आता गप्प बसवत नाही.

आरोग्य संघटना कुठल्याच देशात कायदे करत नाही. तिने शवविच्छेदन करताना घ्यायची काळजी सांगितली होती. सुरुवातीला संसर्गाच्या भीतीने अनेक ठिकाणी शवविच्छेदन टाळलं गेलं, एवढं मात्र खरं.

गुठळ्याही खऱ्या, म्हणूनच मेसेज पटतो. पण त्यात लपवलेलं काय? जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी मे 2020 मध्येच सलग 12 शवविच्छेदनांचा अहवाल 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. 7 जणांच्या पायांच्या खोल शिरांत गुठळ्या होत्या. जिवंतपणी कुणाला संशयही आला नव्हता. चौघे तर पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन दगावले. त्याच अहवालात पुढे आहे की बाराही जणांच्या फुप्फुसांत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडलं. 8 जणांच्या फुप्फुसांतल्या वायुकोशांची सर्वदूर हानी झाली होती. अशा फुप्फुसाला व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन नको, हे कुठल्या तोंडाने सांगता?

5जी भारतात ऑक्टोबर 2022 मध्ये आलं. दुसरी लाट 2021 ची, म्हणजे त्याच्या आधीची.

आता ऍस्पिरिन. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत रुग्णालयात दाखल झालेले जवळपास 15,000 कोविड रुग्ण होते. निम्म्यांना रोज 150 मिलिग्रॅम ऍस्पिरिन दिली. 28 दिवसांत दोन्ही गटांत 17 टक्केच दगावले, आणि ऍस्पिरिनवाल्यांत मोठे रक्तस्राव थोडे जास्त झाले. रुग्णालयात गुठळ्यांसाठी हेपरिनची इंजेक्शनं देतात, तीही रक्तस्रावावर लक्ष ठेवून. घरी अंगात ताप आहे, तपासणी झालेली नाही, आणि तो डेंग्यू निघाला तर? डेंग्यूत प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, आधीच घसरतात. ऍस्पिरिन उरलेल्यांचं कामही रोखते, वर पोटाच्या अस्तराला इजा करते. रक्तस्राव सुरू झाला तर जिवावर बेतू शकतं. मेसेज पुढे ढकलणाऱ्याने एवढा तरी विचार करायला हवा होता.

हृदयासाठी डॉक्टरांनी ऍस्पिरिन लिहून दिली असेल तर हे वाचून स्वतःहून बंद करू नका. ताप आला तर त्यांनाच फोन करून विचारा.