इंदूरच्या काकांना उत्तर: पक्ष बदला, पण आधी विचारा

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. त्यातली एक ओळ फार टोचली: ‘ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने पक्षांतरावर प्रवचन द्यावं, याहून मोठा दुटप्पीपणा नाही.’ म्हणून हे उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, ज्या नेत्याने पक्ष बदलला त्याला पुढच्या निवडणुकीत मत देऊच नये, मग तो कुठल्याही बाजूचा असो. काकांचं म्हणणं असं: लोक पक्षाला नाही, माणसाला मत देतात. इंदूरजवळच्या सांवेरमध्ये तुलसी सिलावट 2020 साली काँग्रेस सोडून भाजपकडून उभे राहिले आणि पन्नास हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. काकांचा भाचा तिथलाच मतदार आहे. राजीनामा देऊन जो पुन्हा जनतेसमोर गेला, त्याला गद्दार म्हणणं अन्याय आहे. आणि 1967 साली राजमाता विजयाराजे शिंदे यांनी मध्य प्रदेशातलं काँग्रेसचं सरकार खाली खेचलं, तेव्हा ग्वाल्हेरच्या मराठी घरांना त्याचं कौतुक वाटलं होतं, ते कसं?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो आमच्या घरातला आहे. आजोबा ती हकीकत फार अभिमानाने सांगायचे. महालाविषयी, म्हणजे शिंदे घराण्याविषयी, आमच्या वाड्यात वेडावाकडा शब्द निघत नसे, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण 1967 मध्ये एक नाही, दोन गोष्टी घडल्या होत्या, आणि आजोबाही त्या एकाच श्वासात सांगून टाकायचे. विजयाराजे शिंदे यांनी काँग्रेस सोडली ती निवडणुकीच्या आधी. नव्या झेंड्याखाली उभ्या राहिल्या, लोकांना सांगून मत मागितलं आणि निवडून आल्या. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी त्याच वर्षी जुलैमधली. गोविंद नारायण सिंह आणि त्यांच्याबरोबरचे पस्तीस-छत्तीस आमदार फेब्रुवारीत काँग्रेसच्या तिकिटावर मतं घेऊन आले होते, ते जुलैत पलीकडे गेले. द्वारकाप्रसाद मिश्र यांचं काँग्रेस सरकार पडलं, संविदचं, म्हणजे संयुक्त विधायक दलाचं, आलं आणि गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत, मार्च 1969 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि काँग्रेसमध्ये परतले. ज्याने फेब्रुवारीत मत दिलं होतं, त्याला या येण्याजाण्यात कुणी काही विचारलं का? हा सगळा डाव मांडण्यात राजमातांचा हात होता, तेही मी झाकत नाही. आजोबा आज असते तर त्यांच्याशीही मी हेच बोलले असते.

राजमातांचे चिरंजीव माधवराव यांचंही तसंच पाहा. 1996 मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले, मध्य प्रदेश विकास काँग्रेस काढली, त्याच नावावर ग्वाल्हेरहून उभे राहिले आणि जिंकले. ते पक्षांतर नव्हतं असं कोण म्हणेल? पण आधी विचारलं, मग बसले. तुमच्या प्रतिक्रियेने मला हे नीट वेगळं करायला लावलं. त्यामुळे ‘पक्ष बदलला की मत नाही’ हे माझं वाक्य मी मागे घेते. ते चुकीचं होतं. माणसाचं मत बदलू शकतं, पक्ष तर कितीदा आपणच बदलून जातो. माझी तक्रार एवढीच उरते की, एका नावावर मत घेऊन मधेच ते दुसऱ्याच्या झोळीत टाकायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

आता राजीनाम्याचं. इथे तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. पदावर बसून राहणाऱ्यापेक्षा राजीनामा देऊन पुन्हा उभा राहणारा बरा. पण 2020 च्या तारखा एकदा ओळीने लावून बघा. मार्चमध्ये काँग्रेसच्या बावीस आमदारांनी राजीनामे दिले, 20 मार्चला काँग्रेसचे मुख्यमंत्री कमलनाथ यांनी पद सोडलं, 23 मार्चला भाजपच्या शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला. जुलैपर्यंत राजीनामा दिलेल्यांपैकी चौदा जण मंत्री झाले होते, आमदार नसताना. आणि मतदाराला विचारलं कधी? 3 नोव्हेंबरला. वऱ्हाड जेवून उठल्यावर मुलीला विचारायचं, बाई गं, स्थळ पसंत आहे ना?

त्यात कायद्याची एक मेख आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. 1985 मध्ये पक्षांतरबंदी आली. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती आणखी कडक केली: पक्षांतरासाठी जो अपात्र ठरला, त्याला सभागृहाची ती मुदत संपेपर्यंत किंवा त्याआधी तो पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही. पण अपात्र ठरण्याची वेळ येण्याआधीच आमदाराने राजीनामा दिला आणि तो मंजूर झाला, तर ही अडचण राहतच नाही. मग सहा महिने आमदार नसतानाही मंत्री राहता येतं. म्हणजे तुम्ही ज्याला जनतेसमोर जाण्याचा प्रांजळपणा म्हणता, तोच मंत्रिपदाचा सर्वांत जवळचा रस्ताही होता. प्रत्येकाच्या मनात काय होतं हे मी ठरवत नाही. रस्ता तसा होता, एवढं खरं.

आणि लोकांना राग नव्हता, हे तुम्ही सांवेरवरून म्हणता. नोव्हेंबर 2020 मध्ये 28 जागांवर पोटनिवडणूक झाली. त्यातल्या तीन आमदारांच्या निधनामुळे, 25 राजीनाम्यांमुळे (मार्चमधले बावीस आणि नंतरचे तीन). या पंचवीसही जणांना भाजपने तिकीट दिलं. अठरा निवडून आले, सात पडले. ते सात कुठले? सुमावली, मुरैना, दिमनी, गोहद, डबरा, करैरा आणि आमचं ग्वाल्हेर पूर्व. सातही ग्वाल्हेर-चंबळमधले! तुमच्या माळव्यात एकही नाही. डबऱ्यात तर मंत्रिपदावर असलेल्या इमरती देवी पडल्या. जिथून ही सगळी उलथापालथ निघाली, तिथेच लोकांनी सर्वांत जास्त हिशेब मागितला. पुढे 2021 मध्ये दमोहच्या पोटनिवडणुकीतही पक्ष बदलून उभा राहिलेला आमदार पडला. तिकडे सांवेरच्या लोकांनी निवडून दिलं, तर त्यांनी विचार करूनच दिलं असेल. त्यांना मी मूर्ख म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. तुम्हीही आमच्याकडच्या रागाला भास म्हणू नका.

मी लश्करात राहते. आमचा मतदारसंघ ग्वाल्हेर दक्षिण, तिथे त्या वर्षी मतदान नव्हतं. पण माझी मावशी राहते थाटीपूरला, म्हणजे ग्वाल्हेर पूर्वमध्ये. तिथे काय झालं होतं ते बाहेरच्यांना खरं वाटत नाही. 2018 मध्ये काँग्रेसचे मुन्नालाल गोयल जिंकले, भाजपचे सतीश सिकरवार हरले. 2020 मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर उभे, फक्त गोयल भाजपकडून आणि सिकरवार काँग्रेसकडून. या वेळी सिकरवार जिंकले. माणसाला मत देतात म्हणावं, तर आधीचा माणूस हरला. पक्षाला देतात म्हणावं, तर काँग्रेस आधीही जिंकली होती, आताही जिंकली. आणि जिंकलेलेसुद्धा पक्ष बदलूनच आले होते. मावशीसमोर निवड होती ती अशी.

ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेले होते. करोनाचे दिवस, म्हणून मावशीने खुर्च्या बाहेर अंगणात टाकलेल्या. तेवढ्यात एक कार्यकर्ता पत्रकं घेऊन आला. कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही. त्या वर्षी तिथे दोन्हीकडे सारखंच होतं. मावशीने मास्कवरूनही त्याला ओळखलं, कारण 2018 मध्ये याच अंगणात बसून, गळ्यात दुसऱ्या रंगाचा गमछा घालून, तो आता ज्या पक्षासाठी मत मागत होता त्याच पक्षाविरुद्ध पाऊण तास बोलला होता. तो म्हणाला, “माताजी, आदमी तो वही है।” मावशीने पत्रक हातात घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, “बेटा, तब झूठ बोला था या अब बोल रहे हो?”

तो मुलगा काही बोलला नाही. पंचविशीचा असेल. गमछ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला, मग हळूच म्हणाला, “हमसे भी किसी ने नहीं पूछा, माताजी।” मावशीने आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं.

काका, मागचा लेख लिहिताना माझ्यासमोर नेतेच होते, हा मुलगा नव्हता. त्याला तुम्ही गद्दार म्हणणार नाही, मीही म्हणणार नाही. 2018 मध्ये त्याने दारोदार जाऊन आपला शब्द खर्च केला. तो शब्द वरच्यांनी एका रात्रीत परस्पर फिरवला, आणि लोकांच्या अंगणात मान खाली घालायला पाठवलं याला. त्या वर्षी त्याच्यासारखे किती जण होते, याची मोजदाद कोण करतं?

मावशीने शेवटी कुणाला मत दिलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मतदानाच्या दिवशी उजव्या हातात घालायला दिलेला प्लॅस्टिकचा हातमोजा तेवढा दाखवला.

तुमच्या भाच्याला माझं एक विचारणं पोचवा. 2020 मध्ये त्याच्या दारात मत मागायला जे आले, त्यांनी मार्चमध्ये काय झालं आणि का झालं, याबद्दल आपणहून काही सांगितलं का? सांगितलं असेल, तर ते शब्द त्याला आठवतील तसे मला लिहून पाठवा. पुढच्या लेखात मी ते छापीन, तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून.