4.10 चा सेट टाकला की मस्टँग उडते?

फोर्ड मस्टँगच्या 1987 ते 1989 मधल्या पाच लिटर, पाच गिअरच्या गाड्यांबद्दल एक सल्ला कित्येक वर्षं जसाच्या तसा फिरतो आहे: "कंपनीचा 2.73 चा क्राउन-पिनियन काढा आणि 4.10 चा घाला. चाकाला दीडपट टॉर्क फुकटात मिळतो, क्वार्टर माइलचा वेळ हमखास उतरतो, हायवेला ओव्हरड्राइव्ह आहेच आणि काम एका दुपारचं आहे." क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या अॅक्सलमधली दात्यांची जोडी; 2.73 म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतच्या दांड्याचे) 2.73 फेरे. क्वार्टर माइल म्हणजे थांबलेल्या गाडीने पाव मैल गाठायची शर्यत, आणि ओव्हरड्राइव्ह म्हणजे 1.00 पेक्षा कमी रेशोचा पाचवा गिअर. चारही दाव्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तो टिकला आहे.

आधी दीडपट टॉर्क. 4.10 ला 2.73 ने भागलं की 1.50 येतात, त्यामुळे गणितात चूक नाही. प्रश्न तो टॉर्क रस्त्यावर उतरतो का हा आहे. या गाड्यांच्या टी-5 गिअरबॉक्सचा पहिला गिअर 3.35 चा आहे. 2.73 शी गुणल्यावर 9.15 होतात. इंजिनाचे 300 पौंड-फूट धरा, वाटेतल्या घर्षणाचे 15 टक्के वजा करा आणि कंपनीच्या 225/60 आर 15 टायरचा 25.6 इंच व्यास धरा. टायरच्या कडेला साधारण 2,200 पौंडांचा जोर येतो. ड्रायव्हरसकट गाडी 3,350 पौंडांच्या आसपास भरते आणि त्यातलं जेमतेम 43 टक्के वजन मागे असतं. सुटताना मागे सरकणारं वजन मिळवलं तरी मागच्या दोन टायरांवर 1,800 पौंडांच्या पुढे फारसं काही येत नाही. चांगला रस्त्याचा टायर अंगावरच्या वजनाइतका जोर सोसतो, त्याहून जास्त नाही. म्हणजे 2.73 वरसुद्धा पहिल्यात पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की टायर सुटतो. 4.10 घातल्यावर हाच जोर 3,300 वर जातो. वरचे 1,500 पौंड रबर जाळतात, गाडी पुढे ढकलत नाहीत.

फायदा आहे, पण तो दुसऱ्यापासून पुढे दिसतो. 1.93 च्या दुसऱ्यात 2.73 चा जोर साधारण 1,250 पौंड, 3.73 चा 1,700 आणि 4.10 चा 1,900. टायर 1,800 च्या आसपास हात टेकतो हे लक्षात घेतलं, तर रस्त्याच्या टायरवर 3.73 च्या पुढे जाऊन दुसऱ्यातही हाती फारसं लागत नाही. शिवाय 5,500 आरपीएमला 2.73 चा पहिला ताशी 46 मैलांपर्यंत पोचतो, 4.10 चा 30 लाच संपतो. चौकातून निघून चौक ओलांडायच्या आत गिअर बदलायची वेळ येते.

क्वार्टर माइलचा दावा सगळ्यात घट्ट रुतलेला आहे, म्हणून तो नीट उकलू. साधी, न छेडलेली गाडी शेवटची रेघ ताशी 95 मैलांच्या आसपास ओलांडते. आरपीएम काढायचं सूत्र असं: ताशी मैल गुणिले क्राउनचा रेशो गुणिले गिअरचा रेशो गुणिले 336, भागिले टायरचा व्यास इंचांत. 2.73 वर गाडी तिसऱ्यात, म्हणजे 1.29 वर असते आणि आकडा 4,390 येतो. या इंजिनाची 225 अश्वशक्ती 4,200 ला मिळते. म्हणजे कंपनीच्या क्राउनवरही गाडी जवळजवळ शिखरावरच रेघ ओलांडते. आता 3.55 घाला: रेघेवर गाडी चौथ्यात, 4,425. आकडा जवळपास तोच, कारण 2.73 गुणिले 1.29 म्हणजे 3.52. तिसऱ्यातलं काम चौथ्यात सरकलं इतकंच. मधली शिडी आखूड झाल्यामुळे वेळ थोडा सुधारतो, पण एक शिफ्ट वाढते आणि प्रत्येक शिफ्टमध्ये इंजिन क्षणभर चाकांपासून सुटलेलं असतं.

4.10 वर तीच रेघ 5,110 ला येते. लांब नळ्यांचा मूळ इनटेक (हवेची वाट) आणि सौम्य कॅम (झडपा उघडणारा दांडा) असलेलं हे इंजिन तिथे धापा टाकत असतं. हेड, कॅम आणि इनटेक बदलून शक्ती 6,000 पर्यंत टिकवली असेल, तर मात्र 4.10 बरोबर बसतो. रेशो ठरवायचा तो याच आकड्यावरून: रेघेवरचा वेग किती, त्या वेगाला गाडी कुठल्या गिअरमध्ये आणि इंजिनाची शक्ती कुठल्या आरपीएमला. न छेडलेल्या मॅन्युअल गाडीला त्या हिशेबाने 3.55 किंवा 3.73 निघतो.

"पण अमक्याच्या गाडीला 4.10 छान चालला!" चालला असेल. टायर विचारा. 28 इंची ड्रॅग टायरवर 4.10 चा परिणाम 25.6 इंची टायरवरच्या 3.75 इतकाच राहतो. आणि गाडी ऑटोमॅटिक आहे का तेही विचारा. एओडी या फोर्डच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला 2.40 चा आहे, म्हणून 3.73 घालूनही गुणाकार 8.95 येतो, मॅन्युअलच्या मूळ 9.15 पेक्षाही कमी. वर टॉर्क कन्व्हर्टरची भर पडते, तरी ऑटोमॅटिकला मोठा आकडा जास्त मानवतो. ऑटोमॅटिकवाल्याचा सल्ला मॅन्युअलवाल्याने उचलला की घोटाळा होतो.

ओव्हरड्राइव्हचं वाक्य त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे. 0.68 च्या पाचव्यात ताशी 65 मैलांना 2.73 वर 1,584 आरपीएम, 3.73 वर 2,164 आणि 4.10 वर 2,378. साठच्या दशकातल्या चार गिअरच्या गाड्यांमध्ये टॉप थेट 1.00 असायचा आणि 4.10 वर हाच वेग 3,400 च्या वर जायचा. भीती तिथून आली आहे आणि इथे ती लागू नाही. मोठा कॅम असेल तर 1,584 ला इंजिन उलट हिसके देतं. पण "काहीच फरक नाही" म्हणणारे प्रोपेलर शाफ्ट विसरतात. ताशी 120 मैलांना 2.73 वर तो 4,300 आरपीएमने फिरतो, 4.10 वर जवळजवळ 6,460 ने. मूळ पोलादी शाफ्ट जरा वाकडा किंवा असंतुलित असेल, तर बूड थरथरायला लागतं. अॅल्युमिनियमच्या शाफ्टचा खर्च आधीच धरून ठेवा.

राहिली ती एक दुपार. या गाड्यांच्या 8.8 इंची अॅक्सलमध्ये रेशो बदलला तरी डिफरन्शियलचा पिंजरा (ज्यावर क्राउन बसतो तो) तोच चालतो, ही सोय खरी. शेव्हरोलेच्या 12 बोल्टच्या अॅक्सलमध्ये 3.73 वरून 4.10 वर जाताना पिंजराही बदलावा लागतो. पण वेळ खातो तो टेल पिनियन, म्हणजे जोडीतला लहान गिअर. त्याच्या डोक्याखालची शिम (पातळ चकती) खोली ठरवते. दातांना रंग लावून क्राउन फिरवा. ठसा दाताच्या बुडाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, शेंड्याकडे गेला तर बाहेर. मग बेअरिंग प्रेसवर काढायचं, शिम बदलायची, पुन्हा बसवायचं. तीन-चार फेऱ्या सहज होतात. दातांमधली मोकळीक, म्हणजे प्ले, डायल गेजवर 0.008 ते 0.012 इंच हवा. नव्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे पिनियन फिरवायला लागणारा जोर, 16 ते 29 इंच-पौंड, आणि तो क्रश स्लीव्ह नावाची चेपणारी नळी दाबून मिळवायचा. नट आवळायला 140 पौंड-फुटांच्या वर जोर लागतो आणि शेवटच्या चिमूटभर वळणात प्रीलोड एकदम उडी मारतो. 29 च्या पुढे गेला की नट सैल करून चालत नाही. स्लीव्ह चेपलेली असते, ती फेकून नवी घालायची. म्हणून आणतानाच दोन आणा. बेअरिंग कॅप काढण्याआधी डावी-उजवी खूण करायला विसरलात, तर पुढचं मोजमाप फुकट जातं.

ऑइल साधारण 1.9 लिटर, 80 डब्ल्यू 90. ट्रॅक-लॉक, म्हणजे फोर्डचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, असेल तर त्यात 118 मिलिलिटर फ्रिक्शन मॉडिफायर. तो राहिला तर पार्किंगमध्ये वळताना मागून कटकट ऐकू येते आणि लोक नव्या क्राउनला दोष देतात. पहिल्या दिवशी 15-20 मिनिटं हळू चालवून पूर्ण गार होऊ द्या, 500 मैलांपर्यंत जोराचे स्टार्ट घेऊ नका आणि मग ऑइल बदला.

स्पीडोमीटरही खोटं बोलायला लागतो. गिअरबॉक्सच्या आतला ड्राइव्ह गिअर 7 दात्यांचा असेल, तर केबलच्या टोकाला 3.73 साठी 21 दात्यांचा आणि 4.10 साठी 23 दात्यांचा गिअर लागतो. आतला 8 दात्यांचा निघाला तर 4.10 ला 26-27 दाते लागतील. तेवढा गिअर मिळत नाही, म्हणून टेल हाउसिंग उतरवून आतलाच बदलावा लागतो. ती दुसरी दुपार.