शिमल्यात जुने ते वैभव, औशात जुनी ती कटकट

मित्रहो, आज सकाळी नातलगांच्या व्हॉट्सअॅप समूहावर लातूर जिल्ह्यातल्या औशातील आमच्या आत्याच्या सासरच्या वाड्याचे छायाचित्र आले. जेसीबीने मागची बाजू पूर्ण पाडली आहे. खाली अंगठ्यांची रांग लागली होती आणि ‘एकदाची कटकट गेली’ असेही एकाने लिहिले होते. याच मंडळींनी गेल्या उन्हाळ्यात मी शिमल्याहून पाठवलेल्या हॉटेलच्या छायाचित्रांवर ‘काय वैभव जपले आहे’ असे उद्गार काढले होते. मला याचा मनस्वी संताप आला आहे आणि तो लपवण्याची माझी इच्छा नाही.

ते हॉटेल इंग्रजी अमदानीतील, मधल्या काळात पडझड झालेले आणि पुढे काळजीपूर्वक दुरुस्त केलेले आहे. देवदाराच्या पायऱ्या पावलागणिक करकरतात, खिडक्या थोड्या तिरप्या बसतात आणि या सगळ्यासाठी माणसे नव्या हॉटेलापेक्षा अधिक भाडे आनंदाने मोजतात. सोबत आई होती. खोलीत पाऊल ठेवताच तिने भिंतीवर तळवा टेकवला आणि मला म्हणाली, “भिंत कशाची हाय, ते इचार आधी.” तिचे माहेर किल्लारीजवळचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात तिच्या भावाचे घर बसले, तेव्हापासून कोणत्याही जुन्या घरात तिचा पहिला प्रश्न हाच असतो.

तेथील एका वयस्क कर्मचाऱ्याने तिला “माताजी, आइए” म्हणत जेवणघराच्या कोपऱ्यात नेले. तेथे गिलाव्याचा हातभर चौकोन मुद्दाम उघडा ठेवून त्यावर काच बसवली होती. आत देवदाराच्या पट्ट्यांची चौकट, तिचे लहान लहान कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दगड व माती ठासलेली. या भिंतीला तिकडे धज्जी म्हणतात. हादरा बसला की एकेक कप्पा आपापल्या जागी थोडा सरकतो, तडकतो, परंतु लाकडाने बांधलेली भिंत सहसा एकदम अंगावर येत नाही. १९०५ च्या कांगडा भूकंपाने हजारोंचे बळी घेतलेल्या त्या पहाडी मुलखातील लोकांना भिंत लाकडाने का बांधायची, हे सांगावे लागत नाही. आईने काचेतून बराच वेळ पाहिले आणि त्या रात्री ती शांत झोपली. ती जुन्या घराला घाबरत नाही. ती न बांधलेल्या दगडाला घाबरते.

हा फरक आमच्या नातलगांना का कळू नये? किल्लारीत माणसे मारली ती दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींनी. त्यांची बाहेरची आणि आतली बाजू एकमेकींना बांधणारे लांब दगड नव्हते, आणि वर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या, मातीचा प्रचंड भार होता. उलट अनेक घरांत भिंती ढासळूनही खणाचे, म्हणजे घराच्या लाकडी सांगाड्याचे, खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. म्हणूनच भूकंपानंतरच्या शासकीय पुनर्वसनात जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हा स्वतंत्र भाग होता: भिंतीत आरपार दगड घाला, वरून पट्टा बांधा, माळवदाची माती कमी करा. ते ज्ञान आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांच्या मरणातून आले. आपण मात्र त्यातून एवढेच उचलले, की जुने म्हणजे धोकादायक, आणि सिमेंटचा स्लॅब पडला म्हणजे मुक्ती. मग त्या स्लॅबखाली मे महिन्यात कूलर लावून तळमळायचे आणि थंड हवेसाठी शिमल्याला जाऊन जुन्या घरात राहायचे!

वाड्याला अकरा वारस आहेत, दुरुस्तीचा खर्च हॉटेलवाल्यांना परवडतो तसा शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाला परवडत नाही, आणि औशात भाडे देऊन राहायला कोणी येणार नाही, हे मान्य. इंग्रज साहेबांच्या आठवणींना लोक पैसे मोजतात, आमच्या ढाळजेला, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या बैठकीला, मोजणार नाहीत, हेही मान्य. पण शिमल्यातलेच सेसिल हॉटेल १९८४ मध्ये बंद पडले आणि दुरुस्त होऊन १९९७ मध्ये उघडले. तेरा वर्षे त्या लोकांनी धीर धरला. आमच्याकडे एका अभियंत्याला बोलावून भिंत दाखवण्याइतकाही धीर कोणाला नव्हता. पैशांचे कारण नंतरचे; आधी कोणी विचारले तरी होते का?

हे सारे रागाने लिहीत असताना आई शेजारी येऊन बसली. तिला छायाचित्र दाखवले. किल्लारी पाहिलेली बाई म्हणेल, बरे झाले पाडले, अशी माझी अटकळ होती, आणि ती तसे म्हणाली असती तर तिच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नव्हता. तिने छायाचित्र मोठे करून पाहिले आणि विचारले, “खांब काढून ठिवले का न्हाई?” शिमल्यात त्या काचेतून तिने लाकूडच पाहिले होते, आताही ती लाकूडच शोधत होती. मला उत्तर देता आले नाही, कारण ते सागवानी खांब एक व्यापारी पाहून गेल्याचे समूहावर कोणीतरी मोठ्या समाधानाने लिहिले होते. ते उद्या कुठल्याशा रिसॉर्टच्या दारात उभे राहतील आणि आम्ही तेथे भाडे भरून त्यांच्याजवळ छायाचित्रे काढू.

दर्शनी ढाळज, दिंडी दरवाजा आणि रस्त्याकडचे चार खण अद्याप उभे आहेत. आत्याच्या थोरल्या मुलाला, म्हणजे आमच्या दादांना, मी मघाशी फोन केला आणि जुन्या बांधकामाची जाण असलेला अभियंता येईपर्यंत हात लावू नका, अशी विनंती केली. जेसीबी तासाच्या भाड्याने आणला आहे, तो बसून राहिला तरी पैसे लागतात, असे ते म्हणाले. त्या तासांचे पैसे मी देतो, असे त्यांना सांगितले आहे. लातूर-औसा भागात असा अभियंता कोणाच्या ओळखीत असेल तर आज रात्रीच कळवावे.