पाकिटावर ‘सिरॅमिक’ लिहिलंय एवढ्याने भागत नाही

नमस्कार. ब्रेक पॅडवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की कार्बन सिरॅमिक ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिच्यावर दाबून गाडी थांबते ती तबकडी) गाडीच्या जन्मभर पुरते, मग पॅडची एवढी चिंता कशाला. आणि घ्यायचेच तर रेसिंग ट्रॅकचे घ्यावेत, ताम्हिणी उतरतानाही तेच कामी येतील.

आधी ताम्हिणी, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. ट्रॅकची बरीचशी पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. जुलैच्या पावसात डिस्क गार आणि ओली. ओल्या सिरॅमिक डिस्कची पकड पहिला क्षण तशीही उशिराच येते. वळणावर अचानक एसटी समोर आली, तर पेडलच्या पहिल्या दाबालाच गाडी आवरायला हवी. म्हणून पुण्यात आणि घाटात कंपनीचंच पॅड. मूळ लेखात हे मी ठासून सांगायला हवं होतं, तुमच्यामुळे ती उणीव लक्षात आली.

‘जन्मभर’ हे रस्त्यापुरतं बरंचसं खरं आहे, ट्रॅकवर नाही. या डिस्कमध्ये सिलिकॉन कार्बाइडबरोबर कार्बनचे तंतू असतात. तापमान साधारण 400-500 अंशांच्या पुढे वारंवार गेलं, की हवेतला ऑक्सिजन त्या कार्बनला जाळू लागतो. जाडी जवळजवळ तेवढीच राहते, वजन मात्र घटतं. म्हणूनच बऱ्याच डिस्कवर किमान वजनाचा आकडा दिलेला असतो. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावून ‘अजून खूप आहे’ म्हणणाऱ्या मेकॅनिकवर विसंबू नका. डिस्क काढून काट्यावर ठेवायला सांगा.

बाजारात ‘सिरॅमिक पॅड’ म्हणून मिळतात ती बहुतेक बिडाच्या डिस्कसाठी असतात. नावातलं साम्य फसवं आहे. चुकीच्या पॅडने डिस्कचा पृष्ठभाग खराब झाला, तर पॅडवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो. पॅजिड या ब्रेक पॅड कंपनीची आरएससी मालिका खास कार्बन सिरॅमिकसाठी आहे. ट्रॅकसाठी पाहायचं तर असं काही पाहा.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेसिंग ट्रॅकवर जाणार असाल तर पॅड तिथे पोचल्यावर बदला, आणि बेडिंगही (नवं पॅड डिस्कवर नीट बसावं म्हणून ठरावीक पद्धतीने ब्रेक मारणं) तिथेच करा, घाटात नको. ट्रॅकसाठी मी अर्धं झिजलेलं पॅड वापरत नाही. पॅड पातळ झालं की उष्णता कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) आणि ब्रेक ऑइलमध्ये जास्त उतरते, आणि ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं.

पुढच्या सर्व्हिसला चाकं निघतील तेव्हा चारही डिस्कचं वजन करून घ्या. ते आणि डिस्कवरचे आकडे मला कळवा, मग तुमच्या गाडीबद्दल नेमकं बोलू.