‘तीन वर्षे काढा, पीआर आपोआप’: ऑस्ट्रेलियाच्या रीजनल व्हिसावरील एका संदेशाचा प्रतिवाद

ऑस्ट्रेलियाला जाण्याच्या तयारीत असलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. मजकुरात दर वेळी थोडा फरक पडतो, पण गाभा तोच राहतो, आणि तो असा: रीजनल व्हिसा म्हणजे खेड्यात राहण्याचा व्हिसा, स्टेट नॉमिनेशनचे (राज्याने दिलेल्या नामांकनाचे) १५ गुण मिळाले की निवड पक्की, पत्ता गावचा दाखवून नोकरी सिडनीत केली तरी कोणी विचारत नाही, वर्षाला ५३,९०० डॉलरची कमाई दाखवता आली नाही तर पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) विसरा, मालक सोडला तर परतीचे तिकीट काढा, आणि एवढे सांभाळून तीन वर्षे काढली की पीआर आपोआप हातात पडते.

मी स्वतः याच वाटेने, म्हणजे आधी ४९१ (पाच वर्षांचा तात्पुरता रीजनल व्हिसा) आणि मग १९१ (त्यानंतर मिळणारा कायम व्हिसा) या व्हिसाने, ॲडलेडमध्ये स्थायिक झालो आहे. त्यामुळे हा संदेश दर वेळी वाचताना मला एका गोष्टीचे नवल वाटते. जिथे नियम खरोखर कडक आहे तिथे हा संदेश निर्धास्त राहायला सांगतो, आणि जिथे नियम बराच सैल आहे तिथे उगाच धाक घालतो. निव्वळ ऐकीव माहितीवर लिहिलेला मजकूर एका तरी बाजूला झुकला असता. हा दोन्ही बाजूंनी चुकतो.

‘खेड्यात राहण्याचा व्हिसा’ हे आधी घेऊ, कारण ते निस्तरायला सर्वांत सोपे आहे. १६ नोव्हेंबर २०१९ पासून जुना ४८९ हा रीजनल व्हिसा नव्या अर्जदारांसाठी बंद झाला आणि त्याच्या जागी ४९१ व ४९४ आले. त्याच वेळी ‘रीजनल’ या शब्दाची व्याख्याही बदलली. आज सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता सगळा देश या व्याख्येत बसतो. त्यात वीस लाखांवर वस्ती असलेले पर्थ आहे, ॲडलेड आहे, राजधानी कॅनबेरा आहे. होबार्ट, गोल्ड कोस्ट, न्यूकॅसल, वुलनगाँग आणि जिलाँगही आहेत. ॲडलेडला खेडे म्हणणाऱ्याने इथे एकदा सकाळी साडेआठ वाजता गाडी चालवून पाहावी. एखादे ठिकाण हद्दीत येते की नाही हे पोस्टकोडवरून ठरते, आणि तो पोस्टकोड ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो.

मात्र या सैल व्याख्येतच एक गोम आहे, आणि ‘पत्ता गावचा, नोकरी सिडनीत’ हा सल्ला नेमका तिथे घातक ठरतो. ४९१ व्हिसावर ८५७९ क्रमांकाची अट असते. तिच्यानुसार राहणे, काम करणे आणि शिकणे या तिन्ही गोष्टी ठरलेल्या प्रादेशिक हद्दीतच व्हायला हव्यात. तिन्हींपैकी एकच पाळून भागत नाही. जिलाँग ते मेलबर्न हे अंतर साधारण ७५ किलोमीटर, म्हणजे आगगाडीने तासाभराचे. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ जिलाँगला राहत होते. त्यांना मेलबर्नमधल्या एका कंपनीने उत्तम पगार देऊ केला होता, पण आठवड्यातून तीन दिवस कचेरीत येऊन बसण्याची अट घातली होती. घर हद्दीत, मुलांची शाळा हद्दीत, भाडेकरार हद्दीत, मग हरकत काय, असे त्यांना वाटत होते. हरकत अशी की कामाची खुर्ची हद्दीबाहेर होती. त्यांनी ती नोकरी नाकारली आणि जिलाँगमध्येच कमी पगारावर दुसरी धरली. सुट्टीत मेलबर्नला जाऊन नातेवाइकांकडे चार दिवस राहायला कोणाचीच मनाई नव्हती, कारण ही अट फिरण्यावर नाही.

‘कोणी विचारत नाही’ हे विधान तर सरळसरळ खोटे आहे, कारण विचारण्याची तरतूद व्हिसाच्या अटींमध्येच करून ठेवलेली आहे. राहण्याचा पत्ता, फोन, ईमेल, पासपोर्ट, नोकरीचा तपशील किंवा कामाचे ठिकाण बदलले तर १४ दिवसांत कळवावे लागते. पुरावे मागितले तर २८ दिवसांत द्यावे लागतात. मुलाखतीला बोलावले तर जावे लागते. शिवाय पुढे १९१ साठी अर्ज करताना आधीच्या व्हिसाच्या अटी पाळल्या होत्या का, हे तपासले जाते. त्या वेळी पगाराच्या पावतीवरचा कामाचा पत्ता, बँकेच्या खात्यावर रोज दिसणारी सिडनीतल्या दुकानांची खरेदी आणि मुलांच्या शाळेचा दाखला हे सगळे कागद एकमेकांशी बोलू लागतात. खोटी माहिती दिल्याचे उघड झाले तर नुसता अर्ज फेटाळला जात नाही. सार्वजनिक हिताच्या ४०२० क्रमांकाच्या निकषाखाली पुढची तीन वर्षे बहुतेक व्हिसांची दारे बंद होऊ शकतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता धाक घालणारी बाजू पाहू. ५३,९०० डॉलरचा आकडा संदेश लिहिणाऱ्याने हवेतून आणलेला नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणायला हवे. नवे व्हिसा आले तेव्हा १९१ साठी वार्षिक करपात्र उत्पन्नाची ही किमान मर्यादा असेल, असेच सांगितले जात होते, आणि त्या आकड्याच्या भीतीने कित्येकांनी दोन-दोन नोकऱ्या केल्या. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये १९१ चे अर्ज प्रत्यक्ष सुरू झाले तेव्हा ही किमान मर्यादा उरली नव्हती. आज द्यावी लागते ती ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याची तीन वर्षांची करनिर्धारणाची नोटीस, म्हणजे विवरणपत्र भरल्यावर खाते आपल्या नावाने काढते तो कागद. बाळंतपणात कमाई घटलेल्या किंवा वर्षभर अर्धवेळ काम केलेल्या माणसाने जुन्या आकड्यापायी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. काळजी करायची तर वेगळ्या गोष्टीची करावी. इथले आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते, आपल्यासारखे एप्रिल-मार्च नसते. जो माणूस व्हिसा मंजूर झाल्यावर ‘आरामात जाऊ’ म्हणून दीड-दोन वर्षे पुण्यातच थांबतो, त्याच्या पाच वर्षांच्या मुदतीतले तेवढे दिवस इथली कमाई न होताच सरतात, आणि मग तीन नोटिसा जमवताना त्याची दमछाक होते. विवरणपत्र न भरता बसणाऱ्याला तर नोटीस मिळणारच नाही.

‘मालक सोडला तर परतीचे तिकीट’ हा मुद्दा दोन वेगळे व्हिसे एकत्र कालवून तयार झाला आहे. ४९४ हा मालकाने नामांकित केलेल्यांचा व्हिसा आहे. त्यात ठरलेल्या मालकाकडे, ठरलेल्या पदावरच काम करावे लागते. तिथेसुद्धा १ जुलै २०२४ पासून नोकरी सुटल्यावर एका वेळी १८० दिवस नवा मालक शोधण्याची मुभा आहे. तिकीट त्याच दिवशी काढावे लागत नाही. ४९१ मात्र राज्याच्या नामांकनावर किंवा प्रादेशिक हद्दीत राहणाऱ्या पात्र नातेवाइकाच्या पाठबळावर मिळतो, आणि त्याला कोणताही मालक चिकटलेला नसतो. ज्या व्यवसायाच्या बळावर व्हिसा मिळाला तोच व्यवसाय करायला हवा असेही त्यात नाही. सिव्हिल इंजिनीअर म्हणून आलेले आणि पहिले आठ महिने गोदामात खोकी उचलणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांपैकी एक रोज आरशात दिसतो. राज्याने नामांकन दिले म्हणजे काही काळ त्याच राज्यात राहण्याची हमी आपण दिलेली असते, आणि ती पाळावी असे माझे मत आहे. पण व्हिसाची कायदेशीर अट राज्याची नसून प्रादेशिक हद्दीची आहे.

सर्वांत मोठे नुकसान होते ते १५ गुणांच्या मुद्द्यावर. वय, शिक्षण, अनुभव यांच्या गुणांवर अर्ज तोलला जातो; त्यात ४९१ च्या नामांकनाला १५ गुण मिळतात आणि १९० च्या (राज्याने नामांकित केलेल्यांच्या कायम व्हिसाच्या) नामांकनाला ५, इतके खरे. किमान ६५ गुण लागतात, हेही खरे. पण ६५ हा दाराचा उंबरठा आहे, निवड नव्हे. २०२४-२५ या वर्षासाठी ऑस्ट्रेलियाने एकूण १,८५,००० जागा ठरवल्या होत्या, त्यांपैकी प्रादेशिक गटाला ३३,००० होत्या; त्यात ४९१ आणि ४९४ दोन्ही आले, आणि अर्जदाराबरोबर येणारी बायकामुलेही त्याच संख्येत मोजली जातात. या जागांतून प्रत्येक राज्याला आपापला वाटा मिळतो आणि कोणत्या व्यवसायाला, कोणत्या अनुभवाला, राज्यात आधीपासून राहणाऱ्याला की बाहेरच्याला प्राधान्य द्यायचे हे राज्य ठरवते, आणि ते निकष बदलत राहतात. म्हणून १५ गुण ‘मिळाले की’ निवड होते हे वाक्यच उलटे आहे: आधी राज्य आपल्याला निवडते, आणि त्या निवडीचे १५ गुण मिळतात.

गुणांची बेरीज कशी फसते ते एका उदाहरणावरून सांगतो, कारण आपल्याकडच्या संगणक क्षेत्रातल्या मुलामुलींची सर्वाधिक फसगत इथेच होते. समजा, ३४ वर्षांचा एक विवाहित सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. वयाचे २५, पदवीचे १५, आयईएल्ट्स या इंग्रजी परीक्षेच्या चारही भागांत ७ आल्याचे १०, पत्नीचे इंग्रजी पुरेसे असल्याचे ५ आणि हिंजवडीत काढलेल्या आठ वर्षांचे १५, अशी ७० ची बेरीज तो करतो. नामांकनाचे १५ धरले की ८५. ईओआयमध्ये (निमंत्रण मिळावे म्हणून आधी भरायच्या इच्छापत्रात) हाच आकडा भरला जातो. पण या क्षेत्रातली कौशल्य-पडताळणी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते, आणि पदवी व काम नीट जुळत असले तरी ती साधारणपणे अनुभवाची पहिली दोन वर्षे बाजूला काढते. न जुळल्यास आणखी जास्त. त्यानंतरचा अनुभवच गुणांसाठी धरला जातो. म्हणजे आठाची सहा वर्षे झाली, आणि पाच ते आठ वर्षांच्या टप्प्याला १५ नव्हे, १० गुण आहेत. बेरीज ८० वर आली. ज्या ८५ गुणांवर निमंत्रण आले ते सिद्ध करता आले नाहीत तर अर्ज फेटाळला जातो, ८० गुण ६५ पेक्षा कितीही जास्त असले तरी. आणि भरलेली हजारो डॉलरची फी बुडते. माझ्या वेळी एका सल्लागाराने माझे गुण असेच फुगवून भरायला सांगितले होते. पडताळणीचे पत्र हातात येईपर्यंत थांबायचे ठरवले म्हणून मी वाचलो.

याच हिशेबात एक दिलासा आहे, आणि तो या संदेशात कधीच नसतो. आपल्या भाषेतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्या भाषेत संवाद तोंडी भाषांतरित करण्याची सीसीएल नावाची परीक्षा नाटी ही अनुवादकांना प्रमाणित करणारी ऑस्ट्रेलियन संस्था घेते. ती उत्तीर्ण झाल्यास ५ गुण मिळतात, आणि तिच्या भाषांमध्ये मराठी आहे. तिथे दवाखान्यातला किंवा बँकेतला संवाद ऐकून लगेच बोलायचा असतो, त्यामुळे ‘मॉर्गेज’ला ‘तारण’ म्हणायचे हे आयत्या वेळी आठवायला हवे. घरी रोज मराठी बोलणारेही तिथे अडखळतात. तयारी करून गेलेले बरे.

राहता राहिले ‘आपोआप’. १९१ हा स्वतंत्र व्हिसा आहे. त्यासाठी ४९१ किंवा ४९४ किमान तीन वर्षे धारण केलेला असावा लागतो, वेगळा अर्ज आणि वेगळी फी भरावी लागते, चारित्र्याची तपासणी होते, आणि मग रांगेत थांबावे लागते. यात पुन्हा गुण मोजले जात नाहीत, इंग्रजीची परीक्षा नाही, वयाची अट नाही आणि राज्याकडे परत हात पसरावे लागत नाहीत, म्हणून ही वाट चांगली आहे असे मी निःसंकोच सांगतो. पण तीन वर्षे भरलेल्या दिवशी कोणी घरी पत्र पाठवत नाही. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी अर्ज आपणच करायचा असतो. तसेच ४९१ हातात असताना पहिली तीन वर्षे १८९, १९० किंवा मालकाच्या १८६ या कायम व्हिसांसाठी अर्ज करता येत नाही. ‘आधी ४९१ घेऊन ठेवू, मग सहा महिन्यांत १९० बघू’ असा बेत करणाऱ्यांनी हे फी भरण्याआधी वाचावे.

माझ्या कपाटात अजून एक निळी फाइल आहे. तिच्यात तीन घरांचे भाडेकरार, विजेची बिले, गोदामापासूनच्या सगळ्या पगाराच्या पावत्या आणि तीन करनोटिसा तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत. १९१ चा अर्ज भरायला मला एक रविवार पुरला तो या फाइलमुळे, कोणत्याही सल्लागारामुळे नव्हे. ज्याचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे त्याने सल्लागार जरूर घ्यावा. ऑस्ट्रेलियात वकील नसलेल्याला असा सल्ला देण्यासाठी नोंदणी बंधनकारक आहे, आणि त्याचा सात अंकी नोंदणी क्रमांक सरकारी यादीत कोणालाही ताडून पाहता येतो. भारतात बसून सल्ला देणाऱ्यावर हे बंधन नाही, म्हणून त्याला तो क्रमांक आहे का, हे आपणच विचारायचे. मला आलेल्या ताज्या संदेशाच्या तळाशी दोन मोबाइल क्रमांक आणि ‘पहिल्या पन्नास जणांना सवलत’ एवढेच होते.