गाव सोडणारा प्रत्येक शेतकरी आळशी?

'शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी' या शीर्षकाचा एक संदेश सध्या घरोघरच्या फोनवर फिरतो आहे. त्या काळी प्रत्येक घराला पोटापुरती जमीन होती, हवा शुद्ध असल्याने रोगराई नव्हती, घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यात नांदत होती आणि गाव सोडून जाई तो एकतर आळशी, नाहीतर कर्जबुडवा, असे त्यात म्हटले आहे. माझ्या ऐंशी वर्षांच्या आत्याने तो मला वाचून दाखवला आणि विचारले, "म्हणजे माझे आजोबा आळशी होते का रे?" तिच्या आजोबांनी सासवडकडून नीरेच्या कालव्यावर आणि तिथून पुढे कोपरगावच्या बाजूला, वीसेक वर्षांत पाच वेळा बिऱ्हाड हलवले होते. म्हणून हे उत्तर.

पोटापुरत्या जमिनीचा दावा आधी निकालात काढू. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून ती १९१७ साली प्रसिद्ध केली. तिथे सरासरी खाते १७७१ साली सुमारे ४० एकरांचे होते, १८१८ साली ते साडेसतरा एकरांवर आले आणि १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर घसरले. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते आणि त्यांतील ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. एकेकाळी जमीन मुबलक होती हे त्यामुळे मान्य करावे लागते. पण तो काळ पणजोबांचा नव्हे, त्यांच्याही पणजोबांचा. रोगराई नव्हती म्हणणाऱ्याने १८९६ नंतरचा प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ कुठे ठेवली, हे त्यालाच ठाऊक. प्लेगात अख्खी गावे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत, हे संदेशातल्या वाड्याच्या चित्रात कुठे बसते?

खरा संताप येतो तो 'आळशी' या शब्दाचा. दुसऱ्याची जमीन एकेका सालाच्या बोलीने कसणाऱ्या कुळाला त्या काळी जमिनीवर कसलाच हक्क नव्हता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याप्रमाणे हंगाम ३१ मार्चला संपला असे धरले जाई आणि मालकाने तीन महिने आधी लेखी नोटीस दिली की कुळाचा संबंध तुटे. मेहनतीने जमीन सुधारली असली, तरी त्याने काही फरक पडत नसे. कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा १९३९ चा आणि भक्कम कायदा १९४८ चा. त्याआधी जो दर दोन-चार वर्षांनी हलला, तो पुष्कळदा हलवला गेलेला होता.

सासवडच्या माळ्यांची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त अभिमानाची आहे. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाल्यावर त्यांनी तिकडे खंडाने, म्हणजे भाड्याने, जमिनी घेऊन ऊस केला. भरमसाट पाण्याने आणि निचरा नसल्याने काही वर्षांत जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, होऊ लागल्या. नीरेच्या खोऱ्यातील या खारवट जमिनींवर याच मान यांचा आणि ताम्हाणे यांचा अहवाल १९१० सालीच आला होता. पुढे गोदावरीचे कालवे झाले, तेव्हा अनेक कुटुंबे तिकडे, कोपरगावच्या बाजूला, गेली. याच फिरत्या माळ्यांनी १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. आळशी माणसे असे उद्योग करत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कर्ज बुडवून रातोरात पळालेले कोणी नव्हतेच, असे मी म्हणणार नाही. प्रत्येक गावात तसे एखादे घर सापडेल. पण १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची कर्जखते जाळणारे शेतकरी गाव सोडून गेलेले नव्हते, तिथेच राहिलेले होते, एवढेही लक्षात ठेवावे.

आमच्या घरी सांगतात, दर वेळी गाडीत आधी काहील, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, चढे. ती उलटी टाकून खाली पोरे बसवत, म्हणजे ऊन लागत नसे, आणि उतरल्यावर पोरांच्या डोक्यांना काजळी लागलेली असे. वर लिहिलेले सगळे मी आत्याला वाचून दाखवले, तेव्हा तिने एवढीच दुरुस्ती सुचवली की काहिली दोन होत्या.