"पहाटे ४ ला उठा, ५ तास झोपा, एनर्जीच एनर्जी": या फॉरवर्डमधलं काय खरं, काय खोटं

हे फॉरवर्ड एव्हाना सगळ्यांकडे येऊन गेलं असेल. "यशस्वी माणसांच्या एनर्जीचं रहस्य" असं वर लिहिलेलं, खाली यादी: ५ तास झोप पुरते, पहाटे ४ ला उठा, उठल्यावर ९० मिनिटं कॉफी नको, दिवसाला ४ लिटर पाणी प्या, थंड पाण्याने अंघोळ करा, घाम निघेपर्यंत व्यायाम करा, दुपारची झोप म्हणजे आळस, २१ दिवसांत सवय लागते, आणि शेवटी ठळक अक्षरात "थकवा शरीरात नसतो, मनात असतो". यातलं काही निरुपद्रवी आहे, काही अर्धवट खरं आहे, पण पहिला आणि शेवटचा मुद्दा माणसाचं खरंच नुकसान करतो, म्हणून एवढं लिहितेय.

"५ तास झोप पुरते."

नाही पुरत. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा एक अभ्यास आला, ४८ निरोगी लोक, त्यातल्या काहींना रोज ८ तास झोपू दिलं, काहींना ६, काहींना ४, असं सलग १४ दिवस. टेस्ट एकदम साधी, स्क्रीनकडे बघत बसायचं आणि आकडे दिसले रे दिसले की बटण दाबायचं, १० मिनिटं हेच. ६ तास आणि ४ तासवाल्यांचं बटण दिवसेंदिवस उशिरा दाबलं जायला लागलं, मधेच आकडे समोर असूनही काही क्षण बोट हलायचंच नाही, आणि शेवटी शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. आता खरी भीतीची गोष्ट ऐका, त्यांना विचारलं किती झोप येतेय तर त्यांचं उत्तर, थोडीफार. म्हणजे कामगिरी घसरत होती आणि त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. त्यामुळे कोणी म्हणालं ना की "मी कित्येक वर्षं ५ तासच झोपतो, मला काही होत नाही", तर त्याचं म्हणणं प्रामाणिक असेलही, पण तो पुरावा नाही. जन्मतः कमी झोप पुरणारे लोक असतात, त्यामागची जनुकंही सापडलीत, पण ते फार म्हणजे फारच थोडे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१५ मध्ये मोठ्या माणसांसाठी सांगितलेला आकडा आहे रोज किमान ७ तास.

"पहाटे ४ ला उठा."

रात्री ९ ला झोपत असाल तर खुशाल उठा. पण १२ ला झोपून ४ चा अलार्म लावला तर ती शिस्त नाही, उधारी आहे. कोणाला लवकर जाग येते कोणाला उशिरा, हे बरंचसं आनुवंशिक आणि वयावर असतं, टीनएजर मुलांचं घड्याळ तर आपोआप उशिराकडे सरकतं, त्यांना आळशी म्हणून काय उपयोग? शरीरातल्या या घड्याळाच्या संशोधनाला २०१७ चं नोबेल मिळालंय, म्हणजे हे काही बहाणे नाहीत. उठायची वेळ रोज साधारण एकच ठेवा आणि उठल्यावर थोडा वेळ बाहेरच्या उजेडात जा. घरात दिवे लावून मिळतो काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड, बाहेर ढग असले तरी तो हजारोंमध्ये असतो, आणि शरीराचं घड्याळ लागतं ते त्या उजेडावर.

"उठल्यावर ९० मिनिटं कॉफी नको."

कारण असं देतात की मेंदूतलं अ‍ॅडेनोसिन, म्हणजे झोप आणणारं रसायन, तेवढ्या वेळात साफ होतं. पण ते साफ होतं झोपेत, कॉफीसाठी थांबून नाही. कॅफिन फक्त त्याची जागा अडवून बसतं. थांबल्याने दुपारची मरगळ टळते असं नीट दाखवलेलं नाहीये, त्यामुळे थांबायचं तर थांबा नाहीतर प्या. बघायचंच असेल तर संध्याकाळचा कप बघा! शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, काहींना जास्त, गरोदरपणात तर बरेच जास्त. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तर झोप तासाहून जास्त कमी झाली. मग सकाळी थकवा, मग परत कॉफी, असं ते चालूच राहतं.

४ लिटर पाणी: सगळ्यांना लागू पडेल असा आकडाच नाही. युरोपियन फूड सेफ्टी अथॉरिटी बायकांना २ आणि पुरुषांना २.५ लिटर म्हणते, आणि त्यात खाण्यातून जाणारं पाणीही धरलंय. ऊन, घाम, मेहनत असेल तर जास्त लागणारच. तहान लागली की प्या.

थंड पाणी: तरतरी येते, खरंय. नेदरलँड्समध्ये ३,००० हून जास्त लोकांवर प्रयोग झाला, अंघोळीच्या शेवटी थंड पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्के कमी भरल्या, पण आजारी असण्याचे दिवस काही कमी झाले नाहीत. आवडत असेल तर करा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

"घाम निघेपर्यंत व्यायाम करा."

व्यायामाने एनर्जी वाढते हे बरोबर, घामाची अट चुकीची. जॉर्जिया युनिव्हर्सिटीने २००८ मध्ये सतत थकवा असलेल्या, बैठं आयुष्य असलेल्या लोकांना ६ आठवडे, आठवड्यातून तीनदा सायकलिंग करायला लावलं. हलकं करणाऱ्यांचा थकवा ६५ टक्के कमी झाला, मध्यम जोराने करणाऱ्यांचा ४९. अभ्यास छोटा होता, ३६ जणांचा, पण ज्याला उठून उभं राहायचंच जिवावर येतं त्याला "आधी फक्त चालून ये" हे सांगणं किती सोपं आहे!

दुपारची झोप आळस नाही, दुपारी शरीराची लय थोडी खाली येतेच. नासाने लांबच्या फ्लाइटवरच्या पायलटना आळीपाळीने डुलकी घेऊ दिली, सरासरी २६ मिनिटांची, आणि त्यांची सतर्कता सुधारली. २०-२५ मिनिटं बास, त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं.

आणि ते २१ दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला, मधला आकडा ६६. बाविसाव्या दिवशी जमत नसेल तर तुम्ही नापास झालेला नाही.

"थकवा मनात असतो."

हे वाक्य वाचलं की मला राग येतो. माझी एक मैत्रीण ही अख्खी यादी काही महिने पाळत होती. दुसऱ्या मजल्यावर जाताना मधे थांबायची, कठडा घट्ट धरून, बोटांची नखं पांढरीफटक, आणि वर येऊन म्हणायची, माझीच विलपॉवर कमी पडतेय. ग्रुपवर सगळे "चिकाटी सोडू नकोस" लिहीत होते. शेवटी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८ च्या आसपास. इतके महिने ती स्वतःला दोष देत होती हो, आणि तिला गरज होती लोहाची.

थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून लोहाचा साठा कळतो), थायरॉइड, बी-१२, साखर यातलं काय तपासायचं ते विचारा. फेरिटिन मुद्दाम विचारा, हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो. रात्री जोरात घोरत असाल, श्वास अडकतो असं शेजारी झोपणारं माणूस सांगत असेल तर तेही सांगा, स्लीप अ‍ॅप्नियात ८ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो. कशातच मन लागत नसेल, तर तेही तिथेच बोला, डिप्रेशनमधला थकवा हाही आजारातलाच थकवा आहे आणि त्यावर उपचार आहेत. धाप लागणं, छातीत दुखणं किंवा कारण नसताना वजन उतरणं यातलं काही सोबत असेल तर दोन आठवडे थांबायचंही नाही.